भट्टीत टिकणारे रंग

पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात दोन अगदी वेगळे उद्योग शेजारी नांदतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग आणि त्यांना लागणारी रसायने तयार होतात. चित्रकलेच्या साहित्यासाठी घरोघरी माहीत असलेल्या कॅम्लिनचा कारखानाही याच वसाहतीत आहे. तिथून काही किलोमीटरवर, समुद्राकाठी, देशातले पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देत आले आहे. काचेवर रंगीत एनॅमल पुडीने काम करू पाहणाऱ्याने या दोन्ही उद्योगांकडे लक्ष देऊन पाहावे. आगीत कोणता रंग मरतो आणि कोणता टिकतो, याचे उत्तर या दोघांकडे मिळून आहे.

फ्यूज्ड ग्लास ही कला तत्त्वतः साधी आहे. काचेचे तुकडे एकमेकांवर किंवा शेजारी मांडायचे, विजेच्या भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि ते एकजीव झाले की सावकाश निववायचे. त्यात रंग आणण्याचा सर्वांत मोकळा मार्ग म्हणजे एनॅमलची पूड. तिने चित्र काढता येते, छटा एकमेकींत मिसळता येतात, केसाएवढी बारीक रेषाही आणता येते. मात्र ही पूड म्हणजे रंगाची भुकटी नव्हे. ती स्वतःच काच असते, आणि तिचे सगळे गुण व सगळे हट्ट तिथूनच येतात.

जळणारा रंग, विरघळणारा रंग

कापड रंगवणारे बहुतेक रंग कार्बनी असतात. कार्बनच्या अणूंच्या साखळ्या आणि कडी यांच्या विशिष्ट रचनेमुळे ते ठरावीक प्रकाश शोषतात आणि आपल्याला लाल, निळे, पिवळे दिसतात. ही रचना काहीशे अंशांवर मोडू लागते. असा रंग काचेवर लावून भट्टीत ठेवला, तर ८०० अंशांच्या कितीतरी आधीच तो जळून जातो. दुकानात ‘ग्लास कलर’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांतले रंगही भट्टीसाठी नसतात. ते काचेच्या पृष्ठभागावर वाळून बसतात. काचेत शिरत नाहीत. खिडकीच्या तावदानावर ते छान दिसतात, पण भट्टीत त्यांचा धूर होतो.

आता दुसऱ्या शेजाऱ्याकडे पाहू. अणुभट्टीत वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया केल्यावर अत्यंत किरणोत्सारी द्रव कचरा उरतो. त्यात अनेक धातूंचे क्षार असतात. तारापूरला १९८०च्या दशकापासून हा कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून बंदिस्त केला जातो. या प्रक्रियेला काचीकरण म्हणतात. सुमारे ९५० ते १,००० अंशांवर ते धातू काचेच्या रचनेचाच भाग होतात, तो रस पोलादी डब्यांत ओततात आणि ते डबे हवेने थंड राहणाऱ्या भूमिगत कोठारात देखरेखीखाली ठेवतात. या जबाबदारीसाठी काच निवडली, कारण धातूंची ऑक्साइडे पोटात घेऊन ती घट्ट धरून ठेवण्याची तिची ताकद मोठी आहे आणि पाण्यात ती सहजी विरघळत नाही.

एनॅमल पुडीचे विज्ञान याच ताकदीवर उभे आहे. भट्टीत टिकणारा रंग हा धातूचा रंग असतो, आणि तो टिकतो कारण काचेने त्याला आपल्यात सामावून घेतलेले असते.

पूड कशी बनते

वाळू, सोडा किंवा पोटॅश, चुना, बोरॅक्स यांसारखे घटक आणि रंग देणारे ऑक्साइड एकत्र वितळवले जाते. हा रस पाण्यात ओतला की त्याचे क्षणात असंख्य तुकडे होतात. त्यांना फ्रिट म्हणतात. फ्रिट दळून, चाळून पूड होते. चाळून पसरण्यासाठी बहुधा ८० मेशची पूड वापरतात. तिचे मोठ्यात मोठे कण सुमारे ०.१८ मिलिमीटरचे असतात. कुंचल्याने रंगवायची किंवा जाळीच्या छपाईची पूड याहून कितीतरी बारीक, ३२५ मेशपर्यंत, म्हणजे ०.०४४ मिलिमीटरच्या खाली दळलेली असते.

रंगाचा हिशोब धातूनिहाय आहे. कोबाल्ट गर्द निळा देतो, आणि त्याचे प्रमाण हजारात एक भाग असले तरी निळाई ठसठशीत येते. तांबे मोकळ्या हवेच्या भट्टीत फिरोजी होते. ऑक्सिजन कमी पडला तर तेच तांबे लाल होऊ शकते. क्रोमियम हिरवा, मँगेनीज जांभळा. लोखंड हिरवट निळ्यापासून पिवळ्या-तपकिरीपर्यंत फिरते. खिडकीच्या साध्या काचेची कड हिरवी दिसते ती त्यातल्या थोड्याशा लोखंडामुळेच. कॅडमियम, गंधक आणि सेलेनियम मिळून पिवळ्यापासून लालपर्यंतच्या भडक छटा देतात. कथिलाचे ऑक्साइड काचेत पुरते विरघळत नाही, त्याचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात आणि काच पांढरी, अपारदर्शक होते.

सगळ्यांत विलक्षण सोने. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत पसरले की ती माणकासारखी लाल किंवा गुलाबी होते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याच्या सूक्ष्म कणांचा प्रकाशाशी असलेला संबंध अभ्यासला. पुढे माणिक-काचेवर काम करणारे रिचर्ड झिग्माँडी यांना कलिल, म्हणजे सूक्ष्म कण पसरून राहिलेल्या, द्रावणांच्या संशोधनासाठी १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सोने असलेली पूड भट्टीत जाण्यापूर्वी पुष्कळदा फिकट दिसते आणि तापल्यावरच खुलते. बरणीतल्या रंगावरून भाजलेल्या रंगाचा अंदाज बांधता येत नाही, हा या कामातला पहिला धडा.

मशिदीच्या दिव्यापासून शिकागोपर्यंत

काचेवर एनॅमल भाजण्याची कला जुनी आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात सीरिया आणि इजिप्तमध्ये मामलुक सुलतानांच्या काळात मशिदींसाठी बनलेले दिवे निळ्या-लाल एनॅमलने आणि सोन्याने मढवलेले आहेत. आपल्याकडे हेच तंत्र धातूवर रुजले आणि मीनाकारी झाले.

मुंबईत हे शास्त्र उभे पाहायचे असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या आणि राजाबाई टॉवरच्या रंगीत काचा पाहाव्यात. हा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. अशा खिडक्यांतले चेहरे, वस्त्रांच्या चुण्या आणि सावल्या काढण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडमध्ये बारीक दळलेली काच मिसळून तो रंग काचेवर लावतात आणि भाजतात. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत अशा रेषा शतकभर टिकतात त्या याच भाजणीमुळे. या काचांचे जतन स्वाती चांदगडकर यांनी केले; आपल्याकडे या विषयाचे शिक्षण घेतलेली माणसे फार थोडी आहेत, म्हणून त्यांचे काम मोलाचे.

आजच्या फ्यूज्ड ग्लासच्या अगदी जवळचे उदाहरण शिकागोचे आहे. फ्रान्सिस आणि मायकेल हिगिन्स या दांपत्याने १९४८ साली तिथे कार्यशाळा थाटली आणि साध्या खिडकीच्या काचेच्या दोन थरांमध्ये रंगीत एनॅमल ठेवून ताटे, वाडगे, पडदे घडवले. पुढे १९७४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात बुल्सआय ही कंपनी निघाली आणि एकमेकींशी जुळतील अशा तपासलेल्या रंगीत काचा तिने कलावंतांच्या हाती दिल्या. ‘जुळणे’ हा या कलेचा कणा आहे, म्हणून त्याकडे जरा सविस्तर पाहू.

आक्रसण्याचा हिशोब

काच तापली की फुगते, निवली की आक्रसते. किती, ते तिच्या प्रसरणांकावर ठरते. बोरोसिलिकेट काचेचा प्रसरणांक सुमारे ३३, खिडकीच्या काचेचा ८५ ते ९०, तर फ्यूजिंगसाठीच्या प्रचलित काचांचा ९० किंवा ९६ असतो. हे आकडे एका अंशामागे एका कोटीतल्या भागांचे आहेत.

ढोबळ हिशोब करू. दहा सेंटिमीटरची, ९० प्रसरणांकाची पट्टी ५०० अंशांवरून खोलीच्या ३० अंशांवर आली, की ती साधारण ०.४२ मिलिमीटर आखडते. ९६ची तेवढीच पट्टी ०.४५ मिलिमीटर आखडते. फरक ०.०३ मिलिमीटरचा, माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. पण त्या दोन पट्ट्या एकमेकींत वितळून बसल्या असतील, तर एवढ्या फरकाने तडा जातो. कधी भट्टीतच, कधी महिन्याभराने कपाटात ठेवल्या ठेवल्या.

पुडीच्या बाबतीत थोडी सवलत मिळते. थर पातळ असेल तर तो खालच्या काचेचे फारसे बिघडवत नाही. म्हणून तांब्यावरच्या मीनाकारीची पूडही काही जण काचेवर पातळ चाळून वापरतात. पण ती धातूसाठी बनवलेली असते. तिचा थर जाड झाला की ती काचेशी भांडते, बारीक तडे दिसू लागतात किंवा थर पापुद्र्यासारखा उडतो. काचेसाठी खास बनवलेली पूड घेणे शहाणपणाचे.

जुळणी घरी तपासता येते. पारदर्शक काचेवर पुडीचा ठिपका भाजून घ्या. लॅपटॉपच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, पडद्यासमोर ती काच धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. पडदा काळा दिसेपर्यंत गॉगल फिरवा. ठिपक्याभोवती उजेडाचे वलय उमटले, तर तिथे ताण आहे. वलय जितके ठळक, तितकी जुळणी वाईट.

महाराष्ट्रात सुरुवात करणाऱ्याला सहज मिळणारी काच म्हणजे खिडकीची फ्लोट काच. रायगड जिल्ह्यात तळोज्यालाही तिचा कारखाना आहे. ही काच वितळलेल्या कथिलावर तरंगत सपाट होते. त्यामुळे तिच्या एका बाजूला कथिलाचा अदृश्य अंश राहतो. आखूड तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली ती बाजू दुधाळ चमकते. भट्टीत या बाजूवर धूसर साय येऊ शकते, म्हणून पूड दुसऱ्या बाजूला लावावी. एका कामातले सगळे तुकडे एकाच तावातून कापले, तर जुळणीची अर्धी काळजी मिटते.

चाळणी, डिंक आणि बांबूची काडी

काच आधी लख्ख धुवायची. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार भाजल्यावर पांढऱ्या डागांच्या रूपाने उमटतात; शेवटचा हात बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्याने, फिरवावा. मग पूड बारीक चाळणीतून, वीतभर उंचीवरून एकसारखी भुरभुरायची. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर वेगवेगळे भाजलेले बरे. पारदर्शक रंगात अतिबारीक धूळ राहिली तर रंग गढूळ येतो, म्हणून अशी पूड पाण्यात ढवळून वरचे धुरकट पाणी काढून टाकतात.

ओल्या पद्धतीत पूड पातळ डिंकात कालवून कुंचल्याने लावतात किंवा जाळीतून छापतात. डिंक भट्टीत जळून जायला हवा, तोही काच वितळण्यापूर्वी. साधारण ४५० अंशांपर्यंत भट्टीचे भोक उघडे ठेवावे. नाहीतर काजळी अडकते. पूड दोन काचांच्या मध्ये ठेवायची असेल तर पुडीतली हवा बुडबुडे होऊन राहते. हिगिन्स दांपत्याच्या पद्धतीतली ही अडचण आजही तशीच आहे, आणि तिच्यावरचा उपाय भट्टीच्या वेळापत्रकात आहे.

पालघरच्या माणसाला सर्वांत ओळखीची वाटेल ती खरवडण्याची पद्धत. पांढऱ्या काचेवर गडद पुडीचा कोरडा थर चाळायचा आणि टोकदार काडीने त्यातून रेषा ओढायच्या; जिथे पूड सरकते तिथे खालचा पांढरा रंग उघडा पडतो. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचलीने चित्रे काढणाऱ्या वारली समाजाची ही भूमी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि लोहाचेच ऑक्साइड काचेत तपकिरी एनॅमल होऊ शकते. त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा यांतून माणूस उभा करणारी ही चित्रभाषा काचेच्या पुडीला फार साजेल, कारण दोन्हींत छटांपेक्षा रेषेला मान आहे. मात्र वारली लग्नात भिंतीवर काढला जाणारा चौक हा विधीचा भाग आहे. त्याच्यावरून ताट बनवण्याआधी त्या समाजातल्या चित्रकारांना विचारावे, आणि काम त्यांच्यासोबत, त्यांच्या नावाने करावे.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेत पुडीच्या गुठळ्या होतात आणि चाळणी तुंबते. घट्ट झाकणाच्या बरण्या वापराव्यात. वापरण्यापूर्वी पूड कोमट भट्टीवर सुकवून घ्यावी.

भट्टीचे वेळापत्रक

तीन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पूड, असे छोटे काम धरू. फ्यूजिंगच्या ९० प्रसरणांकाच्या काचेसाठी तासाला दीडशे-दोनशे अंशांच्या गतीने सुमारे ६७० अंशांपर्यंत जावे आणि तिथे अर्धा तास थांबावे. काच मऊ होऊन खाली बसते आणि मधली हवा कडेने निसटते. मग वेगाने ८०० ते ८१० अंश, दहा-पंधरा मिनिटांचा मुक्काम. तिथून ॲनीलिंगच्या, म्हणजे काचेतला ताण सैल होण्याच्या, तापमानापर्यंत भरकन उतरायचे. ते बुल्सआयच्या काचेला ४८२ अंश, फ्लोट काचेला सुमारे ५५० अंश असते. तिथे तासभर थांबून पुढे ३७० अंशांपर्यंत सावकाश उतरावे. फ्लोट काचेला वितळायला ८२० ते ८४० अंश लागतात.

प्रत्येक टप्प्याला कारण आहे. ७०० ते ७६० अंशांच्या आसपास रेंगाळले तर काचेच्या पृष्ठभागावर स्फटिक वाढून ती निस्तेज होते. ॲनीलिंगला घाई केली तर आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या वेळी घट्ट होतात आणि ताण कायमचा कोंडला जातो. पूर्ण वितळलेली काच आपणहून साधारण सहा-सात मिलिमीटर जाडीची होऊ पाहते: पातळ असेल तर आत सरकते, जाड असेल तर पसरते. पुडीचे चित्रही तिच्यासोबत सरकते, म्हणून बारीक रेषांचे काम सहा मिलिमीटरच्या पायावर करावे.

उतरताना वीज गेली तर भट्टीचे दार उघडू नये. चांगल्या भिंतींची भट्टी उष्णता धरून ठेवते. तडा गेला नसेल तर तीच काच पुन्हा तापवून नव्याने ॲनील करता येते.

रंगांची भांडणे

शेजारी ठेवलेले रंग रसायनांच्या नियमाने वागतात. तांब्याचा फिरोजी आणि गंधक असलेला पिवळा किंवा लाल एकमेकांना भिडले, की सीमेवर तांब्याचे सल्फाइड तयार होऊन काळपट तपकिरी रेघ उमटते. शिशाच्या एनॅमललाही गंधक असाच काळवंडवते. हे माहीत नसेल तर चित्र बिघडते. माहीत असेल तर त्याच रेघेचा उपयोग करून घेता येतो. कॅडमियमचे लाल जास्त तापले की काळपट पडतात, म्हणून ते शेवटच्या, कमी तापाच्या भाजणीसाठी राखून ठेवावेत.

फुफ्फुसे आणि नाला

काचेची बारीक पूड श्वासात जाऊ नये म्हणून चाळणीचे काम बंद पंख्याखाली, एन-९५ मुखपट्टी लावूनच करावे. भट्टीच्या फळीवर लावायचा केओलिन-ॲल्युमिनाचा लेप आणि फायबर पेपर यांची धूळही छातीत जाऊ देऊ नये. टेबल झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. शिसे किंवा कॅडमियम असलेली पूड स्वयंपाकघरात आणू नये, आणि ज्या पृष्ठभागाला अन्न लागते तिथे लावू नये.

बोईसरमध्ये राहणाऱ्याला सांडपाण्याचे वेगळे सांगायला नको. औद्योगिक सांडपाण्याने खाडी आणि किनारा यांची झालेली हानी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली आहे. कलावंताचे पाणी बादलीभरच असते, पण त्यात तेच धातू असतात. धुवणाचे पाणी बादलीत निवू द्यावे, वरचे नितळ पाणी पुढच्या धुण्याला वापरावे, तळाचा गाळ सुकवून काचेच्या टाकाऊ तुकड्यांसोबत भट्टीत वितळवावा. मोकळ्या चिखलापेक्षा काचेत बसलेला धातू कितीतरी कमी त्रास देतो. तो गोळा तरीही जपून ठेवावा, नाल्यात टाकू नये.

या जिल्ह्यात रसायने ओळखणारी माणसे आहेत, भट्ट्या चालवणारे तंत्रज्ञ आहेत आणि रेषेवर पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रभुत्व असलेले चित्रकार आहेत. शाळा, आयटीआय आणि कलाशिक्षकांनी या तिघांना एका टेबलाभोवती आणावे. मोठा खर्च लागत नाही. तापमान नियंत्रक असलेली एक छोटी विजेची भट्टी, खिडकीची काच आणि पाच-सहा रंगांची पूड पुरते. आणि ज्याला घरीच सुरुवात करायची आहे, त्याने पहिली भट्टी कलाकृतीसाठी लावू नये. प्रत्येक रंगाचे छोटे तुकडे करावेत. पातळ थर, जाड थर, पांढऱ्यावर, पारदर्शकावर, शेजारच्या रंगाला भिडवून, सगळे भाजावे. प्रत्येकाच्या मागे तापमान आणि वेळ लिहून ठेवावी. तो संग्रह हाताशी आला की पुढच्या कामात रंग तुमच्या सांगण्याप्रमाणे येईल.